तीन नंबरची बाटली

१

साळूबाई गेली तेव्हा गावाला नवल वाटलं नाही. चव्वेचाळीस सालच्या त्या कार्तिकात मिरजगावात घरटी एक माणूस थंडीतापानं गोधडीखाली कुडकुडत होतं, आणि त्यातली दोन-चार जायचीच, हे गावानं मनाशी धरून ठेवलं होतं. नवल वाटलं ते तिसऱ्या दिवशी.

त्या दिवशी नगरच्या मिशन दवाखान्यातली फिरती नर्स फिलोमिना तिच्या घरी भेटायला गेली. पाच वर्षांपूर्वी साळूबाईचं बाळंतपण तिनंच केलं होतं. कोनाड्यात औषधाची बाटली होती, तळाशी एक डोस उरलेला. फिलोमिनानं बूच काढलं, वास घेतला, थेंबभर जिभेवर ठेवलं आणि साळूबाईच्या नवऱ्याला, सहादेव शेळक्याला विचारलं, “हे तापाचं म्हणून दिलंय?”

“व्हय. तीन नंबरचं. कुलथे डाक्तरांच्या दवाखान्यातलं.”

“यात क्विनीन नाही. नुसतं काडेचिराईत आहे.”

काडेचिराईत कडूजहर असतं, पण थंडीतापाला त्याचा उपयोग नाही. तिथं क्विनीनच लागतं, आणि लढाईमुळं ते औषधाला मिळत नव्हतं. त्यामुळं दिवस मावळायच्या आत गावानं चोर ठरवूनसुद्धा टाकला. दवाखान्यातला कंपाउंडर शमुवेल. औषधाचा जार बनवणारा तो, बाटल्या भरणारा तो, आणि ख्रिस्ती आळीत राहणारा तो. शेवटचं कारण कुणी बोलून दाखवलं नाही. तशी गरजही पडली नाही.

मी गोरक्षनाथ, देवी काढणारा सरकारी नोकर. तालुकाभर हिंडून पोरांच्या दंडावर टोचतो. मला पाहिलं की पोरं कणगीमागं लपतात आणि मोठी माणसं मला ‘देवीडाक्तर’ म्हणतात. त्यात निम्मा मान असतो, निम्मी थट्टा. त्या आठवड्यात माझा मुक्काम मिरजगावात होता, म्हणून काकासाहेब पाटलांनी मला बोलावून घेतलं. पाटील नुकतेच तापातून उठले होते. शाल पांघरून ओसरीवर बसले होते.

“जरा मोठ्यानं बोला,” ते कानात करंगळी हलवत म्हणाले, “आठ दिस झालं, कानात नुसतं गुनगुन चाललंय. हां, तर असं. उद्या बाजार. परवा सकाळी त्या शमुवेलला कर्जतला फौजदाराच्या हवाली करनार. पन त्याआधी तुमी एकदा बगा. दवाखान्यातलं तुमाला कळतं.”

“आणि तो निर्दोष निघाला तर?”

पाटील हसले. “मग दुसरा कोन हाय, ते तुमीच सांगा.”

२

सहादेवच्या घरी त्याची आई राहीबाई उंबऱ्यात बसली होती. आतल्या बाजेवर पाच वर्षांची नात, बनू. तिचा दंड मला ओळखीचा. माझ्याच हातच्या तीन खुणा त्यावर होत्या. अंग तापलं होतं.

“हिला कधीपासून?”

“काल सांजच्यापास्नं हुडहुडी भरलीय,” राहीबाई म्हणाली. “पर आता न्हाई बाबा कुनाचं औशीद. एकदा पाजलं, ते बास झालं.”

मी बाटली मागितली. आमच्याकडं बाटली रोग्यानंच घरून न्यायची असते. ही राहीबाईची गोडेतेलाची. दवाखान्यात औषध भरतात आणि बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवतात. एकेक कातर म्हणजे एकेक डोस. उरलेलं औषध शेवटच्या कातरीला नेमकं टेकलं होतं.

“सगळे डोस वेळेवर दिले?”

“एक बी कातर चुकवली न्हाई,” सहादेव म्हणाला. तो भिंतीकडं तोंड करून बोलत होता. “तीन बाटल्या झाल्या. ती तोंड वाकडं करायची. म्या म्हनायचो, पी, कडू हाय तेच गुनाचं. मीच पाजलं तिला, देवीडाक्तर.”

“औषध घेतल्यावर तिचे कान वाजायचे का?”

हा प्रश्न मला फिलोमिनानं शिकवला होता. क्विनीन पोटात गेलं की दिवसभरात कान गुणगुणायला लागतात. त्यात लपवाछपवी चालत नाही. जिभेला फसवता येतं, कानाला येत नाही.

“न्हाई,” राहीबाई म्हणाली. “कान कशापायी वाजत्याल?”

निघताना सहादेव माझ्यामागं दारापर्यंत आला. “परवा त्याला कर्जतला न्हेनार न्हवं? मी बी जानार. त्याच्या हातात बेड्या पडलेल्या मला बगायच्यात.”

३

डॉक्टर राधाकृष्ण कुलथे पंचेचाळिशीचे, सडपातळ, बोलायला गोड. गावाचा त्यांच्यावर फार विश्वास, आणि तो काही उगीच नव्हता. अडलेली बाई असो की विंचू चावलेला गडी, हा माणूस सायकल काढून निघायचा. मीही आजवर कितीकांना त्यांच्याकडं धाडलं होतं.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “मी चिठ्ठीवर तीन नंबर लिहितो. एक खोकल्याचं, दोन पोटाचं, तीन थंडीतापाचं. जार शमुवेल बनवतो. दर सोमवारी मी क्विनीन मोजून त्याच्या हातात देतो. पुढं ते जारमध्ये पडतं की त्याच्या खिशात, हे मी कसं बघणार?”

“क्विनीन ठेवता कुठं?”

“त्या कपाटात. किल्ली इथं,” त्यांनी घड्याळाची साखळी दाखवली. “दुसरी किल्लीच नाही. लढाईचे दिवस. सरकारकडून ऑगस्टात एकच डबा आला, पुढचा संक्रांतीनंतर. डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं.”

मी अंग चोरून घेतलं. “डॉक्टरसाहेब, मलाही सकाळपासून कणकण वाटतेय.”

“अरे, मग आधी नाही का सांगायचं?” ते लगेच उठले. “थांबा, तुम्हाला बाटली नको. पूडच देतो.”

त्यांनी कपाट उघडलं, पत्र्याचा डबा काढला, वरचं झाकण फिरवलं, आत चाकूचं टोक घालून चांदीसारखा कागद कापला आणि चिमटीभर पांढरी पूड माझ्यासाठी पुडीत बांधली. हात अगदी सवयीचे. मी ती पूड त्यांच्यासमोरच पाण्यातून घेतली.

मागच्या पडवीत शमुवेल बाटल्या धूत होता. चाळिशीचा माणूस, मिशन शाळेत शिकलेला, शर्टाची सगळी बटणं लावलेला. येऊ नको असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कामावर आला होता.

“शमुवेल, जारमध्ये काय घालतोस?”

“साहेब काढून देतात ते.”

“क्विनीन काढून देतात?”

त्यानं बाटली उलटी करून पाणी निथळू दिलं. “ते साहेबांना विचारा.”

“अरे, परवा तुला कर्जतला नेताहेत. तुझ्या बायकोला, मेरीला, त्याच आळीत राहायचंय. मला काहीतरी सांग.”

“मेरी आहे ती साहेबांमुळं आहे,” तो म्हणाला. “तिसऱ्या बाळंतपणात ती गेल्यातच जमा होती. साहेब दोन दिवस माझ्या घरात बसून होते. घोंगडीवर. आमच्यात पाणीसुद्धा प्यायले.” एवढं बोलून त्यानं दुसरी बाटली घेतली आणि परत वर पाहिलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी बाजार होता. एरवी त्या दिवशी मी कुणाच्या वाटेला जात नाही, कारण लोक मला बघून वाट बदलतात. त्या दिवशी मात्र मी भाजीवालीपासून लोहारापर्यंत ताप येऊन गेलेल्या प्रत्येकाला एकच विचारत सुटलो. औषध घेतल्यावर कान वाजले का?

तीन नंबर घेतलेली अकरा माणसं भेटली. अकरांपैकी एकाचेही वाजले नव्हते. नऊजण बरे झाले होते आणि डॉक्टरांचे गुण गात होते. थंडीताप पुष्कळदा आपोआप उतरतो, मग ज्याच्या हातचं घेतलं त्याचं नाव होतं. वाजत होते ते माझेच कान. काल दुपारपासून त्यात कुणीतरी पिंजण चालवलेलं होतं. म्हणजे डब्यातली पूड अस्सल होती.

मग मी ख्रिस्ती आळीत गेलो. तिथं ताप येऊन गेलेली सहा घरं होती. पहिल्याच घरी म्हातारी म्हणाली, “वाजले म्हंजे? चार दिस मला देवळातली घंटाच ऐकू येत हुती!”

दुसऱ्या घरी वाजले होते. तिसऱ्या घरीही. सहाच्या सहा घरी वाजले होते.

गाव म्हणत होतं तेच खरं दिसत होतं. साऱ्या गावाला काडेचिराईत, आणि शमुवेलच्या माणसांना क्विनीन.

५

फिलोमिना मोटारीची वाट बघत प्रार्थनामंदिराच्या कट्ट्यावर बसली होती. ती कॅथलिक आणि शमुवेल प्रॉटेस्टंट. दोघांचं एकमेकांच्या घरी लग्नाकार्यापुरतंच जाणं-येणं. गावाला मात्र दोघं एकाच पोत्यातले.

“नर्सबाई, आळीतल्या लोकांना क्विनीन कुणी दिलं?”

“मी. आमच्या मिशन दवाखान्याच्या गोळ्या. हे बघा.” तिनं पेटी उघडली. रिकामी बरणी होती, तळाशी गोळ्यांवरच्या साखरेचा पांढरा भुगा. “शेवटच्या चार काल सकाळी संपल्या. नगरहून आणायला निघालेय, आठ दिवस तरी लागतील. त्या शेळक्यांच्या पोरीसाठी एक उरली नाही, याचंच वाईट वाटतंय.”

डब्यातली ती पूड. आणि ह्या गोळ्या. शमुवेलनं डब्यातलं काढून आळीत वाटलं नव्हतं. पण एक गोष्ट खटकली.

“दवाखाना दारात असताना आळीतले लोक तुमच्याकडं कसे आले?”

ती गोंधळली. “शमुवेलनंच पाठवले. ‘सिस्टर, आमच्या माणसांना तुम्हीच द्या,’ म्हणाला. मला वाटलं, गर्दी असेल दवाखान्यात.”

मोटार आली, फिलोमिना गेली. मी कट्ट्यावर तसाच बसून राहिलो. ज्या माणसानं जार भरला, त्यानंच आपल्या माणसांना त्या जारपासून लांब ठेवलं होतं. चोरी त्यानं केली नव्हती. पण जारमध्ये काय नाही, हे त्याला ठाऊक होतं.

उठता उठता मला आणखी एक गुणगुणणारा कान आठवला आणि मी तडक पाटलांच्या ओसरीवर गेलो.

“पाटील, तुमच्या तापाला औषध कोणतं घेतलं? तीन नंबर?”

“न्हाई बा. डाक्तरांनी सोता आनून दिल्या गोळ्या. नगरास्नं मागवल्या म्हनले, खास माज्यासाठी. का वो?”

“उद्या सकाळी डॉक्टरांना आणि शमुवेलला इथंच बोलवा,” मी म्हणालो. “सहादेवलाही.”

६

सकाळी ओसरीवर सगळे जमले. पाटील तक्क्याला टेकून. डॉक्टर खुर्चीवर. शमुवेल खाली पायरीशी उभा. सहादेव डोक्याला पटका बांधून, कर्जतला जायच्या तयारीनं.

“डॉक्टरसाहेब,” मी सुरुवात केली, “दर सोमवारी तुम्ही क्विनीन मोजून शमुवेलला देता.”

“देतो.”

“ऑगस्टपासून?”

“हो, ऑगस्टपासूनच.”

“डबा आला तो एकच.”

“एकच. सांगितलं ना तुम्हाला.”

“मग परवा माझ्यासाठी चाकूनं कापलंत, ते काय होतं?”

पाटील कानावर हात धरून पुढं झुकले. “मंजी? काय कापलं?”

“डब्याच्या आतला कागद, पाटील. कारखान्यातून येतो तसा सबंध होता. दर सोमवारी त्या डब्यातून पूड निघत असती, तर कागद तीन महिन्यांपूर्वीच फाटला असता आणि डबा अर्ध्यावर आला असता. तो काठोकाठ होता. आपण सगळे क्विनीन कुठं गेलं ते शोधत बसलो. ते कुठंच गेलं नाही. कपाटातच आहे. चोरी झालेलीच नाही.”

सहादेवनं एकदा माझ्याकडं, एकदा शमुवेलकडं पाहिलं.

“किल्ली एकच, ती डॉक्टरांच्या साखळीला. तीन महिन्यांत डब्यातून चिमूटभरही पूड निघाली नाही, तरी तीन महिने थंडीतापाचा जार भरत होता. हे डॉक्टरांना कळलं नसेल? आणि तीन नंबरमध्ये क्विनीन आहे असं ते मानत असते, तर पाटलांना नगरहून गोळ्या का? मला बाटली सोडून पूड का?”

माझा आवाज चढला होता. मला राग आला होता, आणि सगळ्यात जास्त त्या पुडीचा आला होता. किती सहज मिळाली होती ती मला.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. चिडले नाहीत. रोग्याला समजावतात तसंच बोलले.

“गेल्या साली मी सगळ्यांना खरं क्विनीन दिलं. काय झालं? कान वाजतात, बहिरं केलं, डोकं गरगरतं, म्हणून निम्म्या लोकांनी बाटल्या उकिरड्यावर ओतल्या आणि वैदूकडं गेले. दवाखाना ओस पडला. यांना औषध कडू लागतं, पण त्रास नको असतो. म्हणून कडू दिलं. दहातले आठ ताप आपोआप उतरतात, गोरक्षनाथ. क्विनीन मी ठेवलं समजदार माणसांसाठी, जे कान वाजले म्हणून फेकून देणार नाहीत.”

“आणि उरलेले दोन?”

“त्यांना ओळखता येईल, असं मला वाटलं होतं.” त्यांनी चष्मा लावला. “साळूबाईच्या वेळी चुकलो.”

“आणि मग शमुवेलवर ढकललंत.”



कानातली गुणगुण पाटलांना आता वेगळी ऐकू येत असावी. ते खाकरले. “डाक्तर, तुमी वाईट केलं. पन गावाला डाक्तर पायजे. ह्यापुढं खरं औषध द्या. शमुवेल, तू सुटलास, जा. झालं गेलं गंगेला मिळालं.”

सहादेवच्या हातातली काठी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

शमुवेलही हलला नाही.

“मी सुटलो नाही, पाटील,” तो म्हणाला. “साहेबांनी सांगितलं, काडेचिराईत घाल. मी घातलं. आमच्या लोकांना नर्सबाईकडं पाठवलं. बाकीच्यांना बाटल्या भरून दिल्या. पट्ट्या कातरून चिकटवल्या, अगदी सरळ.” मग तो सहादेवकडं वळला, पण नजर त्याच्या पायांवर. “तिसऱ्या बाटलीला साळूबाई स्वतः आल्या होत्या, भिंतीला धरून. ‘भाऊ, ह्यानं उतरंल न्हवं?’ म्हणाल्या. मी हो म्हणालो.”

फौजदार, बेड्या, कर्जत, सगळं सहादेवच्या चेहऱ्यावरून ओसरून गेलं होतं, आणि त्या जागी काय आलं ते बघवेना म्हणून मी मान खाली घातली.

शमुवेल पायऱ्या चढून वर आला. पाटलांच्या ओसरीवर तो त्याआधी कधी चढला नसावा. डॉक्टरांसमोर येऊन त्यानं हात पुढं केला.

“साहेब, किल्ली द्या.”

“शमुवेल, तू—”

“शेळक्यांची बनू चौथ्या दिवसावर आहे. किल्ली द्या.”

डॉक्टरांनी साखळीतून किल्ली सोडवली. त्याला फार वेळ लागला.

७

राहीबाईनं शमुवेलला दारातून हाकललं. त्यानं पुडी माझ्या हातात दिली आणि तो अंगणात चिंचेखाली उभा राहिला. मी पूड गुळात कालवली. बनू मला बघून नेहमीसारखी किंचाळली. टोचायला आलोय असं तिला वाटलं. सहादेवनं तिला मांडीवर घेतलं, आणि औषध तिच्या तोंडाशी नेताना त्याचा हात एकदा थांबला. याच हातानं त्यानं तीन बाटल्या पाजल्या होत्या.

“हे खरं हाय का?” त्यानं मला विचारलं.

“मी स्वतः घेतलंय. माझे कान अजून वाजताहेत.”

त्यानं पाजलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ताप उतरणीला होता, पण राहीबाई कपाळ बडवत होती. “पोरगी बहिरी व्हायला लागली! सारखी कानच धरतीय!”

“बा, माज्या कानात भुंगा हाय,” बनू रडत म्हणाली. “काड ना.”

सहादेवनं तिच्या कानाला आपला कान लावला. खरोखर ऐकू येईल, असा लावला.

“साळूच्या कानात एकदा बी वाजलं न्हाई,” तो म्हणाला.

मग त्यानं बाहेर पाहिलं. शमुवेल चिंचेखाली उभाच होता, हातात त्या दिवसाची पुडी. नोकरी त्यानं आदल्याच संध्याकाळी सोडली होती. सहादेवनं त्याला आत ये म्हटलं नाही. बसही म्हटलं नाही.

“कंपाउंडर,” त्यानं आतूनच विचारलं, “अजून किती दिस वाजंल हे?”

“पाच दिवस,” शमुवेल म्हणाला.

सहादेवनं पोरीचं डोकं छातीशी धरलं.

“वाजू दे,” तो म्हणाला.